मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, उड्डाणाचे तास आणि घरापासून घरापर्यंतचा खरा हिशेब

माझी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली, आणि तेव्हापासून आमच्या साताऱ्याच्या घरातून, गल्लीतून, नात्यातून अमेरिकेला निघालेला जो तो तिकीट घेऊन माझ्याकडे येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती तास लागतात रे?”

उत्तरं मात्र तीन मिळतात. इंटरनेटवर एक आकडा दिसतो, तिकिटावर दुसरा असतो, आणि जाऊन आलेल्या काकू तिसराच सांगतात. खोटं कुणीच बोलत नाही. इंटरनेट बहुतेक वेळा फक्त हवेतला वेळ सांगतं, तिकीट गेटपासून गेटपर्यंतचा सांगतं, आणि काकू घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारातली बेल वाजेपर्यंतचा सांगतात. पहिल्यांदा जाणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसांना उपयोग होतो तो काकूंच्या आकड्याचा, आणि नेमका तोच कुठे लिहिलेला नसतो. तो घरबसल्या कसा काढायचा हे मी पायरीपायरीने सांगतो. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, पण रीत शिकागो, सिडनी, टोरांटो कुठेही तीच चालते.

एक नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पूर्ण प्रवास एकाच घड्याळात मोजायचा. आपलं भारतीय घड्याळ धरायचं आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत ते सोडायचं नाही. माणसं फसतात ती अर्धा हिशेब मुंबईच्या वेळेत आणि अर्धा न्यूयॉर्कच्या वेळेत केल्यामुळे.

पायरी १: अंतर मोजा, पण सपाट नकाशावर नको

शाळेच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक अशी तिरकी पण बरीचशी आडवी जाते. त्या रेघेने खरोखर गेलं तर सुमारे १४,२०० किमी भरतात. पण हा जवळचा रस्ता नाही.

जवळचा रस्ता बघायला पृथ्वीचा गोल लागतो. भाचीच्या टेबलावर ३० सेंमी व्यासाचा गोल आहे आणि आईच्या शिवणाच्या डब्यात दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर धरायचं आणि दोरा ताणायचा. तो आपोआप वर सरकतो. आई चष्मा लावून दोऱ्याखालची नावं वाचत गेली होती. सौराष्ट्र-कच्छ, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग चक्क मॉस्को, हेलसिंकी, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि तिथून खाली उतरून न्यूयॉर्क. “अगं बाई, हे तर उत्तर ध्रुवाकडून चाललंय,” ती म्हणाली. ध्रुवापर्यंत नाही, पण ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपास हा रस्ता चढतो. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता असाच असतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, त्याचा हा तुकडा.

आता दोरा सोडवून पट्टीवर मोजा. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंमी होतो आणि पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी. म्हणजे गोलावरचा १ सेंमी म्हणजे जवळपास ४२५ किमी. आमचा दोरा साडेएकोणतीस सेंमी भरला. गुणाकार करा: सुमारे १२,५३० किमी. संगणकावर सूत्राने काढलं तरी हेच उत्तर येतं. सपाट नकाशावरच्या रेघेपेक्षा हा रस्ता सोळाशे-सतराशे किलोमीटरनी कमी आहे.

गोल नसेल तर ग्रेट सर्कल मॅपरसारख्या संकेतस्थळावर दोन विमानतळांची तीन अक्षरी खूण टाकली की अंतर आणि वाकडी रेघ दोन्ही दिसतात. तिथे आकड्यापुढचं एकक नीट बघा. १२,५३० किमी म्हणजेच सुमारे ७,७९० मैल आणि म्हणजेच सुमारे ६,७७० सागरी मैल, कारण सागरी मैल १.८५२ किमीचा असतो. विमानवाले सागरी मैलात बोलतात. एका संकेतस्थळावर ६,७७० आणि दुसऱ्यावर १२,५३० बघून ‘दुसरं विमान लांबून जातं’ असा निष्कर्ष काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

विमानतळाची खूण बघायला सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. न्यूयॉर्क नावाखाली तीन विमानतळ येतात. जेएफके क्वीन्समध्ये आहे, ला गार्डियावर मुख्यतः देशांतर्गत विमानं उतरतात, आणि ईडब्ल्यूआर अशी खूण असलेला नेवार्क हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत आहे. मुंबईपासून जेएफके आणि नेवार्क यांच्या अंतरात धरण्यासारखा फरक नाही. पण उतरल्यावर लेकीचं घर एडिसनला असेल तर नेवार्कहून गाडी लवकर पोहोचते, आणि जेएफकेहून अख्खं शहर ओलांडावं लागतं. इकडेही आता बीओएम म्हणजे सहारचा जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा, असे दोन झालेत. तिकिटावर शहराचं नाव वाचू नका, खूण वाचा.

थोडं विषयांतर होईल, पण गोल हातात आहे तोवर दोरा सॅन फ्रान्सिस्कोलाही लावून बघा. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को जवळपास ४,१५० किमी आहे, म्हणून वाटतं मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को न्यूयॉर्कपेक्षा चार हजार किमी लांब असेल. दोरा सांगतो १३,५०० किमी, म्हणजे जेमतेम हजारभर जास्त. हा दोरा युरोपकडे वळतच नाही. काश्मीर, चीन, सायबेरिया, गोठलेला आर्क्टिक समुद्र आणि अलास्का असा जवळजवळ सरळ वर चढून पलीकडे उतरतो.

पायरी २: विमान दोऱ्यावरून का जात नाही

दोऱ्याखालच्या नावांची यादी पुन्हा वाचली की अडचण कळते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आकाशालाही हद्दी असतात.

बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द आपल्याकडच्या वाहतुकीला जवळजवळ बंदच होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने ती भारतीय विमानकंपन्यांना पुन्हा बंद केली आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटेने जाऊ शकतात आणि त्यांचे तासही वेगळे पडतात. तिकीट काढताना हे डोक्यात असू द्या.

दिल्लीच्या मानाने आपण मुंबईकर इथे सुदैवी. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पहिलं दार पाकिस्तानचंच. मुंबईसमोर अरबी समुद्र मोकळा आहे. म्हणून मुंबईहून निघालेलं विमान बहुधा समुद्रावरून ओमानकडे, तिथून आखात, इराक, तुर्कस्तान, युरोप आणि मग अटलांटिक अशी वाट धरतं. आखातात तणाव वाढला की तीही बदलते.

हा वळसा केवढा असतो? पुन्हा दोरा घ्या. मस्कत, बगदाद, इस्तंबूल आणि लंडनवर टाचण्या लावल्यासारखा बोटांनी दाबत दोरा न्यूयॉर्कपर्यंत न्या. आमचा साडेतीस सेंमीच्या थोडा वर भरला. म्हणजे सुमारे १३,००० किमी. एवढं वाकडं जाऊनही गोलावर फरक पडला जेमतेम एका सेंटीमीटरचा! मला स्वतःला हे बघून फार आश्चर्य वाटलं होतं. आकाशात तो एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा तास.

पुढच्या हिशेबासाठी आपण हे १३,००० किमीच धरू.

पायरी ३: किलोमीटरवरून तास

या मार्गावर उडणारी मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५०, साधारण ताशी ९०० किमी वेगाने जातात. १३,००० ला ९०० ने भागलं की साडेचौदा तासांच्या आत उत्तर येतं, आणि तिकिटावर जाताना सोळाच्या आसपास दिसतात. उरलेला वेळ वाऱ्यात आणि जमिनीवर जातो.

वारा आधी बघू. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. न्यूयॉर्कला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. नदीत होडी उलटी वल्हवायची आणि प्रवाहाबरोबर सोडायची, यात जो फरक तोच इथे. विमानाचा वेग हवेच्या मानाने ९०० च असतो, पण खालच्या जमिनीच्या मानाने जाताना तो कमी पडतो आणि येताना वाढतो. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात, म्हणून जानेवारीत जाणं थोडं लांबतं आणि परतणं थोडं आटोपतं.

दुसरं म्हणजे जमिनीवरचा वेळ. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जातं ती, चाकं जमीन सोडतात ती नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणाने विमानं सोडता येत नाहीत. रात्री परदेशी विमानांची गर्दी असते तेव्हा रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तिकडे उतरल्यावरही गेट रिकामं व्हायची वाट बघावी लागते. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक आखतात, म्हणून मुंबईहून अर्धा तास उशिरा उडालेलं विमान कधी कधी न्यूयॉर्कला अगदी वेळेवर लागतं.

घरच्या घरी वापरायला मी दोन साधे भागाकार करतो. पश्चिमेकडे जाताना अंतराला ८५० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. पूर्वेकडे येताना ९२५ ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा.

जाताना १३,००० ÷ ८५० म्हणजे १५.३, अधिक अर्धा: पावणेसोळा तास.

येताना १३,००० ÷ ९२५ म्हणजे १४, अधिक अर्धा: साडेचौदा तास.

थेट विमानाच्या तिकिटाशी ताडून बघा, वीसेक मिनिटं इकडेतिकडे होतील. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाला मात्र हे दोन आकडे लावू नका. तिथे वारा आडवा येतो, सरळ ८७५ ने भागा.

चालू काळातला आकडा हवा असेल तर आणखी एक करा. फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक टाकून मागचे काही दिवस बघा. रोज ते खरोखर कधी उडालं आणि कधी उतरलं ते दिसतं, आणि नकाशावर वाटही दिसते. पाच-सहा दिवसांचे आकडे बघितले की अंदाजावर विसंबून राहावं लागत नाही.

हे सोळा तास कुणाला फार वाटले तर त्यांना मी ८ जून १९४८ ची आठवण देतो. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं, आणि निम्म्या वाटेवरच्या लंडनला पोहोचायला त्याला कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे घ्यावे लागले. न्यूयॉर्कपर्यंत एअर इंडियाची सेवा गेली ती १९६० मध्ये, बोइंग ७०७ ने, आणि तीही लंडनमार्गे.

पायरी ४: घड्याळ आणि तारीख

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि वर्षभर तशीच राहते. न्यूयॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात चार तास. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. म्हणून आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं. बहिणीच्या फोनची वेळ दर मार्चमध्ये का बदलते, ते यावरून कळेल.

आता उदाहरण घेऊ. समजा विमान १५ जानेवारीला मध्यरात्रीनंतर दीड वाजता मुंबईहून सुटतं आणि सोळा तास घेतं. आपलं घड्याळ सोडायचं नाही. दीड आणि सोळा मिळून १५ तारखेची संध्याकाळचे साडेपाच. विमान न्यूयॉर्कला लागेल तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचा चहा झालेला असेल. मग शेवटी साडेदहा तास वजा करा: न्यूयॉर्कमध्ये त्याच १५ तारखेचे सकाळचे सात.

तिकिटावर मात्र एवढंच छापलेलं असतं: सुटणार ०१:३०, पोहोचणार ०७:००, तारीख तीच. बघणाऱ्याला वाटतं साडेपाच तासांत अमेरिका. उलट परतीचं विमान समजा ३० जानेवारीला दुपारी बाराला न्यूयॉर्कहून निघालं. त्या क्षणी आपल्याकडे ३० तारखेचे रात्रीचे साडेदहा असतात. त्यात साडेचौदा तास मिळवले की ३१ तारखेची दुपारचे एक. तिकीट वाचणाऱ्याला हा प्रवास पंचवीस तासांचा दिसतो. प्रवास तोच आहे, वाटही साधारण तीच, फरक सगळा घड्याळांचा.

सूत्र हवं असेल तर असं: जाताना, पोहोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा करा आणि दोन शहरांतला फरक मिळवा. येताना तोच फरक वजा करा. वरच्या आकड्यांवर करून बघा. साडेपाच अधिक साडेदहा म्हणजे सोळा. पंचवीस वजा साडेदहा म्हणजे साडेचौदा.

आता तारीख. ही गोष्ट आमच्याच घरातली आहे. तिकिटावर १५ जानेवारी, ०१:३० होतं. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने १५ ला गोल केला, त्यात ‘अमेरिका’ असं लिहिलं आणि १५ ला सकाळी देवाला नारळ ठेवून निघायचं ठरवलं. शेजारच्या काकूंना जेवायला १४ ला रात्री बोलावलं होतं. मीही ते कॅलेंडर रोज बघत होतो. १३ तारखेला रात्री बहिणीचा फोन आला, “उद्या किती वाजता निघताय?” आणि आई म्हणाली, “उद्या कुठे, परवा.” फोनवर दोन्हीकडे एकदम शांतता पसरली. मध्यरात्री दीडचं विमान १५ तारखेचं असतं, पण विमानतळावर पोहोचायचं असतं १४ च्या रात्री. १५ ला सकाळी आम्ही नारळ ठेवला असता तेव्हा विमान युरोपवर असतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे कॅलेंडरवर दोन खुणा होतात. विमानाच्या तारखेला छोटा ठिपका, आणि घरातून निघण्याच्या तारखेला मोठा गोल. रात्री बारा ते पहाटे चारच्या मधलं कुठलंही विमान असेल तर ‘१४ ची रात्र, उजाडता १५’ असं पूर्ण वाक्य लिहा. मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं याच वेळात सुटतात.

पायरी ५: थेट की थांबा घेऊन

इथे अंतराचा हिशेब पुन्हा कामाला येतो. मुंबई–लंडन ७,२१० किमी आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५० किमी, मिळून १२,७६०. थेट दोऱ्यापेक्षा फक्त सव्वादोनशे किमी जास्त. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२०, मिळून १२,९५०, म्हणजे सव्वाचारशेच्या आत. थांबा घेतल्याने रस्ता लांबत नाही. लांबतात ते तास: उतरणं, चालणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट. सोळाचे एकोणीस होतात, कधी चोवीसच्याही पुढे जातात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा आणि एकट्या जाणाऱ्या ज्येष्ठांना थेट विमानच द्यावं, दहा-पंधरा हजार जास्त पडले तरी. परक्या विमानतळावर रात्री तीन वाजता गेट शोधणं त्यांच्या जिवाला फार लागतं. पाठीचा किंवा पायांच्या सुजेचा त्रास असेल तर मात्र आठ तासांनी उतरून पाय मोकळे होणं बरं पडतं. अशा वेळी थांबा तीन ते चार तासांचा घ्या. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान तासभर लांबलं की सगळंच कोसळतं.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

पुढे अमेरिकेतच दुसरं विमान धरायचं असेल, समजा न्यूयॉर्कहून शिकागो, तर साधारणपणे पहिल्या उतरण्याच्या ठिकाणीच इमिग्रेशन होतं, बॅगा हातात घ्याव्या लागतात, कस्टम ओलांडावं लागतं आणि बॅगा पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तास ठेवा. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच होतं आणि न्यूयॉर्कला ते देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडतात. रांग तिथेही असतेच, म्हणून अबू धाबीचा थांबा त्या मानाने मोठा हवा.

पायरी ६: उलटा हिशेब

आता काकूंचा आकडा काढू. कागद घ्या, सगळ्यात खाली विमान सुटण्याची वेळ लिहा आणि वर वर चढत जा.

१५ जानेवारी, रात्री १:३०: विमान सुटणार. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि अमेरिकेच्या विमानाला गेटजवळ पुन्हा एकदा तपासणी होऊ शकते. म्हणून तीन तास आधी, म्हणजे १४ ला रात्री १०:३० ला टर्मिनल २ च्या दारात. साताऱ्याहून सहारपर्यंत अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे. रस्ता मोकळा असला तर पाच-साडेपाच तासांत होतो, पण मी त्यावर कधीच विसंबत नाही. खंबाटकीचा बोगदा, पुण्याच्या कडेचा वाहतुकीचा गराडा, खंडाळ्याचा घाट, आणि सगळ्यात शेवटी वाशीच्या पुढची संध्याकाळची गर्दी. शिवाय ज्येष्ठांना दर दोन तासांनी थांबावं लागतं. सात तास धरतो. म्हणजे १४ ला दुपारी ३:३० ला घराला कुलूप. पावसाळ्यात घाटात दरड आली तर सात तासही पुरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये मी सकाळीच काढतो, नाहीतर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम.

आता खालच्या दिशेने. १५ ला संध्याकाळी ५:३०, आपल्या वेळेने, विमान न्यूयॉर्कला लागलं. इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम यांचे दोन तास. भाजणी, मेतकूट, लोणचं जे काही असेल ते विचारल्यावर सरळ सांगा, लपवलं तर तिथेच वेळ जातो आणि दंडही होतो. ७:३० ला बाहेर. जेएफकेहून एडिसनला गाडीने दीड तास. रात्री ९:०० ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी साडेदहाला, बहिणीच्या दारात.

१४ च्या दुपारी साडेतीनपासून १५ च्या रात्री नऊपर्यंत: साडेएकोणतीस तास.

इंटरनेटवर पंधरा-साडेपंधरा, तिकिटावर सोळा, आणि अंगावर साडेएकोणतीस. डबे किती भरायचे, गोळ्या किती वेळा घ्यायच्या, फोनची बॅटरी किती पुरायला हवी, तिकडच्या माणसाने रजा कुठल्या दिवशी टाकायची, हे सगळं या तिसऱ्या आकड्यावर ठरवा.

पायरी ७: गोळ्या, पाय आणि झोप

एकाच घड्याळाचा सगळ्यात मोठा फायदा औषधांना होतो. रक्तदाबाची ‘रात्रीची गोळी’ विमानात कधी घ्यायची? खिडकीबाहेर कुठली रात्र, कुठला दिवस, काही कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना वरचा कागद घेऊन जा आणि ‘सकाळी की रात्री’ असं न विचारता ‘किती तासांनी’ असं विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत.

सोळा तास एका जागी बसून पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. दर दीड-दोन तासांनी उठून मधल्या वाटेने मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून यायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे आणि पाणी पीत राहायचं. बाथरूमला उठावं लागेल म्हणून आपल्या बायका पाणी पीतच नाहीत. त्यांना कडेची जागा घेऊन द्या, ती अडचण तिथेच मिटते.

पोहोचल्यावर न्यूयॉर्कच्या दुपारी शरीराची रात्र सुरू होते, कारण तिथले दुपारचे एक म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. तासभर पडायला हरकत नाही, पण मग उठून उन्हात एक चक्कर मारा आणि रात्री आठ-नऊपर्यंत तग धरा. पाच-सहा दिवसांत बसतं. परतल्यावर जास्त त्रास होतो, कारण पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो आणि शरीराला लवकर झोपायला लावणं कठीण असतं. परतीनंतरच्या आठवड्यात लग्नकार्य, बँकेची कामं वगैरे ठेवू नका.

आई आता तिसऱ्यांदा निघाली आहे. तिच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये वहीचं एक पान घडी करून ठेवलंय. डाव्या बाजूला ‘आपली वेळ’, उजव्या बाजूला ‘तिकडची वेळ’, मधे काय करायचं ते तिच्याच अक्षरात: कुलूप, टर्मिनल, विमान, बीपीची गोळी, बीपीची गोळी, उतरणं, दार. हातातलं घड्याळ ती विमानात बदलत नाही. बहिणीच्या घरी पोहोचून चहा झाला की मगच काटे फिरवते.